‘यातली खरी मी कोणती?’

“मी कार्यालयात एक असते, घरी दुसरी आणि मैत्रिणींत तिसरीच. मॅडम, यातली खरी मी कोणती?” तिशीतल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हे एका दमात सांगितले आणि मग बराच वेळ त्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आदल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने त्यांना मैत्रिणींच्या घोळक्यात मोठमोठ्याने हसताना पाहिले होते आणि “तुम्ही अशाही आहात होय?” असे सहज विचारले होते. विचारणारा कदाचित विसरूनही गेला असेल; त्यांना मात्र आपली चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. आपल्याला व्यक्तिमत्त्व असे नाहीच, आहेत ते नुसते मुखवटे, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

ही शंका घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. अशा वेळी मी आधी काही गोष्टी विचारून घेते: केलेल्या गोष्टी अजिबात आठवत नाहीत असे होते का, आपण स्वतःकडे दुरून पाहत आहोत असे वारंवार वाटते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. यातले काही असते तर त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हे माझे पहिले काम ठरले असते. तसे काही नव्हते.

मग मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे लिहायची, ही पद्धत समाजशास्त्रज्ञ मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये मांडली. स्वतःविषयी आपल्या मनात जे चित्र असते, ज्याला आपण स्व-संकल्पना म्हणतो, ते या ओळींमधून हळूहळू वर येते. बाईंनी पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. मी मुलगी आहे, मी थोरली बहीण आहे, मी हिशेबाचे काम करते, अशा पहिल्या सात ओळी भराभर झाल्या. आठव्या ओळीवर ‘मी शांत आहे’ असे लिहून त्यांनी ते खोडले, ‘मी शांत असते’ असे केले, तेही खोडले आणि शेवटी ‘मी शांत असायला हवे’ असे लिहिले. खोडरबराने त्या जागी कागद विरविरीत झाला होता. बाराव्या ओळीनंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या दृष्टीने त्यांची सगळी तक्रार त्या आठव्या ओळीत आली होती. ‘आहे’ हा प्रत्यक्ष स्व झाला, तर ‘असायला हवे’ हा कर्तव्य म्हणून अंगावर घेतलेला स्व. आपण प्रत्यक्षात जसे आहोत आणि जसे व्हावेसे वाटते यांत अंतर पडले की माणूस खिन्न होतो. पण जसे असणे आपले कर्तव्य आहे असे वाटते, त्यापासून आपण दूर असलो की मन धास्तावते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये केली. बाईंच्या बोलण्यात खिन्नता फारशी नव्हती. धास्ती मात्र वाक्यावाक्यात होती.

माणसागणिक बदलणे म्हणजे खोटेपणा, हा समज मला मनापासून खोडून काढावासा वाटतो, कारण त्यापायी चांगली प्रामाणिक माणसे स्वतःला दांभिक ठरवून बसतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले आहे की माणसाला ओळखणारी जितकी माणसे, तितके त्याचे सामाजिक स्व, म्हणजे लोकांपुढची रूपे, असतात. व्यक्तिमत्त्वाचे अभ्यासक वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये असे दाखवले की एखाद्याच्या स्वभावगुणावरून एका विशिष्ट प्रसंगी तो कसा वागेल याचा अंदाज आपल्याला वाटतो तितका बांधता येत नाही. पुढे १९९५ मध्ये सहकारी मानसशास्त्रज्ञ युइची शोडा यांच्यासह त्यांनी म्हटले की स्थैर्य शोधायचे ते ‘जेव्हा असे घडते, तेव्हा मी असा वागतो’ या जोडीत. जोड्या टिकून राहतात आणि माणूस त्यांवरून ओळखू येतो.

म्हणून मी बाईंना दोन आठवडे एका वहीत फक्त ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ लिहायला सांगितले. वही आली ती जवळजवळ भरलेली. जेव्हा वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडते, तेव्हा मी गप्प होते. जेव्हा धाकटा भाऊ आवाज चढवतो, तेव्हा मी विषय सोडून देते. जेव्हा मैत्रिणींना माझा बेत आवडत नाही, तेव्हा मी लगेच त्यांचा बेत मान्य करते. तीन ठिकाणच्या तीन वेगळ्या बायका म्हणून आलेल्या या बाई तिन्ही ठिकाणी समोरच्याच्या नाराजीपुढे एकसारख्याच वागत होत्या. दुसरीकडे, हिशेबाचा ताळेबंद असो की मैत्रिणींच्या सहलीची तयारी, बारकाईने दोनदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, हेही वहीत जागोजागी होते. त्या स्वतःच पाने मागेपुढे करत म्हणाल्या, “म्हणजे मी सगळीकडे आहेच की.”

मैत्रिणींत मोकळे हसणे आणि बैठकीत मोजके बोलणे हा भूमिकांमधला फरक झाला. तो तसाच राहू द्यावा. भीतीने गप्प होणे वेगळे, आणि काम करायचे ते तिथे. आम्ही एकच प्रसंग निवडला: बैठकीत एकदा तरी “हे आकडे मला पुन्हा तपासावेसे वाटतात” एवढे म्हणायचे. पहिल्या बैठकीत त्यांना ते जमले नाही. दुसऱ्या बैठकीत त्या बोलल्या, आवाज कापला, वरिष्ठ “पाहा” म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

चौथ्या महिन्यात त्यांनी तो जुना कागद मागून घेतला आणि आठव्या ओळीच्या विरलेल्या जागेशेजारी लिहिले, ‘कोणी नाराज होईल असे वाटले की मी शांत होते.’ भावापुढे त्या अजूनही विषय सोडून देतात. सध्या आमच्या भेटींत त्याच प्रसंगावर काम चालू आहे.