कुठे चुकलं माझं?

शंभर पानी वही होती. शाळेत घालतात तसं खाकी कव्हर घातलेलं. बाईंनी ती माझ्यापुढे उघडून ठेवली. "सकाळी 6, भिजवलेले बदाम 5. साडेआठ, नाचणीची भाकरी, मेथी, तेल 1 चमचा." तीन वर्षांच्या नोंदी, एक दिवस सुटलेला नाही. वय 56, निवृत्त शिक्षिका. महिन्यापूर्वी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं.

"मॅडम, तुम्हीच तपासा. कुठे चुकलं माझं? माझी जाऊ उठसूट वडापाव खाते, तिला काही नाही!"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे घरातलं कुणीतरी असतं. इथे एक नणंद "शिळं खायचीस ना, त्यानेच झालं" असं बोलून गेली होती.

वही मी खरोखर चाळली. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचून त्यांनी दूध बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू करायला सांगितलं. बाकी नाव ठेवायला जागा नव्हती.

मग त्यांना अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'बद्दल सांगितलं. पाळी गेलेल्या 48,835 बायका. त्यातल्या 19,541 जणींना स्निग्ध पदार्थ कमी, भाज्या-फळं-धान्य जास्त असा आहार शिकवला. साधारण आठ वर्षांनी या गटात स्तनाचा कॅन्सर जरा कमी दिसला, पण फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. पुढे वीसेक वर्षं मागोवा घेतला तेव्हा मात्र या आजाराने जाणाऱ्यांचं प्रमाण या गटात कमी निघालं.

"आणि त्या पहिल्या आठ वर्षांत, नीट खायला शिकलेल्यांपैकी 655 जणींना कॅन्सर झालाच."

बाईंनी आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला. शिक्षिकाच त्या!

वय, पाळी कधी आली, कधी गेली, अंगात कोणती जनुकं आली, हे कुठल्याच वहीत दुरुस्त करता येत नाही. पाळी गेल्यावर वाढणारं वजन आणि दारू यांवर आपला थोडा ताबा असतो. चरबीतच तेव्हा इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून वजनाचा एवढा धोशा.

यजमान इतका वेळ दाराशी गप्प बसले होते. द्राक्षबागायतदार. ते एकदम म्हणाले, "अगं, सगळ्या फवारण्या वेळेवर करून पण द्राक्षावर डावणी रोग येतोच की एखाद्या वर्षी. म्हणून फवारणी सोडतो का आपण?"

मी अर्धा तास जे सांगत होते ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

बाई पहिल्यांदाच हसल्या, मग डोळे पुसले. जाता जाता विचारलं, "जाऊबाईंना आणू का तपासायला?" आणा म्हटलं. मुंबईत टाटा मेमोरियलने वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. जाऊबाई 53 वर्षांच्या.

पुढच्या मंगळवारी दोघी आल्या. वही आणली नव्हती. जाऊबाईंच्या पिशवीत चिवडा होता, माझ्यासाठी.