प्रसादाला नाही म्हटलं तर

चिऊ,

काल आरतीनंतर तुझ्या मैत्रिणीने मोदक घेतला नाही, आमच्या घरी देवापुढे ठेवलेलं खात नाहीत म्हणाली आणि तू रात्री विचारलंस की आई, प्रसादाला नाही म्हणायचं नसतं ना? मी नुसतं झोप आता म्हटलं, ते मला टोचत राहिलं म्हणून लिहितेय.

हो, आपल्यात प्रसादाला नाही म्हणत नाहीत, आजी तर कणभर तरी तोंडात टाक म्हणते. पण तुझ्या त्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या 'नाही'मागे खूप जुनं काहीतरी आहे बघ. रोमन लोकांना वाटायचं की देवांचं करायचं राहिलं तर पूर येतात, दुष्काळ पडतो, आपल्या गावी पाऊस लांबला की ग्रामदेवतेचं काहीतरी राहिलं म्हणतात ना तसंच. आणि ख्रिस्ती लोक म्हणायचे आमचा देव एकच, बाकी कुणापुढे धूप जाळणार नाही. झालं, गावाने त्यांच्यावरच खापर फोडलं.

आधी कुणी तक्रार केली तरच पकडायचे, पण इसवी सन 250 च्या सुमाराला डेशियस या रोमन बादशहाने हुकूमच काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा, त्यातलं चाखायचं आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तमध्ये असे पपायरसचे कागद सापडलेत, मी बळी दिला, चाखलं, खाली साक्षीदाराची सही. काहींनी घाबरून चाखलं, काहींनी लाच देऊन नुसता कागद मिळवला, मला त्यांचाही राग येत नाही गं, घरी लेकरं असतील त्यांच्या.

त्याच्याही आधी, 203 मध्ये, कार्थेजला, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची ख्रिस्ती मुलगी होती, अंगावर पिणारं बाळ. तिचे बाबा बाळाला घेऊन कोर्टात आले, एकदा बळी दे, या लेकराची तरी दया कर म्हणून विनवत होते, ती नाही म्हणाली आणि तिला मारलं. तुरुंगात तिने स्वतः लिहिलेलं अजून आहे, बाळ जवळ दिल्यावर तुरुंग राजवाड्यासारखा वाटला असं लिहिलंय तिने, ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग पोरीला उपाशी पाठवलंत? तर चिऊ, तू शनिवारी तिला परत बोलाव, तिचे चार मोदक मी नैवेद्याच्या आधीच वेगळे काढून ठेवते.

तुझी आई