आधी डबा, मग ॲप

अटलांटात राहते. ऑफिसातली कृष्णवर्णीय मैत्रीण आई गेल्यापासून मिटून गेलीय. कंपनीचं समुपदेशन ॲप सुचवलं, तर म्हणते, "तिथे आधी माझं जगणंच समजावून सांगावं लागतं." हे नखरे नाहीत का?

नाहीत हो. पोलिसाने गाडी थांबवली की कृष्णवर्णीयांनी हात स्टिअरिंगवरच का ठेवायचे, हे पैसे मोजून समुपदेशकालाच शिकवायचं? परदेशी बाईला 'सासूबाई' समजावता समजावता तास संपल्याचं आपल्याही कितीजणी सांगतात! तुमच्याच शहरात डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४मध्ये 'थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स' सुरू केलं. तिथल्या यादीतून आपल्याला समजून घेणारी थेरपिस्ट शोधता येते, पॉडकास्टही आहे. पण लिंक नंतर पाठवा. आधी डबा घेऊन तिच्या घरी जा.

माहिती गुप्त राहते म्हणतात. तरी एवढा अविश्वास का?

अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी डॉक्टरांनी नुसती नजर ठेवली. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. हे कृष्णवर्णीयांच्या घराघरात ठाऊक आहे. आणि ॲपचं म्हणाल, तर ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने २०२३मध्ये ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मी तरी त्यांना संशयी म्हणणार नाही.

पुण्यात आमची टीम आफ्रिकेसाठी भावनिक आधाराचा चॅटबॉट बनवतेय. इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करून भागेल?

नाही भागणार. झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत, मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली वस्तीतलीच आजी. ती 'डिप्रेशन' विचारत नाही, 'कुफुंगिसिसा' विचारते. शोना भाषेतला हा शब्द, अर्थ अतिविचार. आपल्याकडे 'डोक्यात विचारांचा भुगा झालाय' म्हणतात ना, त्याच घरातला. त्यांची चौदा प्रश्नांची यादीही शोनातच घडलेली. कोविडमध्ये आजींचं काम व्हॉट्सॲपवरही आलं, पण पलीकडे माणूसच होतं. तुमच्या टीमला अशी एक तरी आजी पगारावर घ्या. तिने खोडलेली वाक्यं मुकाट्याने काढून टाका.

मैत्रीण जीव द्यायचं बोलली तर?

अमेरिकेत ९८८, फोन किंवा मेसेज, चोवीस तास. भारतात टेली-मानस, १४४१६. फोन लागेपर्यंत तिच्याजवळून हलू नका.