आजीच्या मुठीचं वजन

मनू बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ड्युटीवरून आल्यावर ऐकला, दोनदा ऐकला. सुट्टीत आत्याबरोबर तू 'ज्युली अँड ज्युलिया' पिक्चर बघितलास आणि विचारतेस की पप्पा, त्या बाईंनी सगळं कपात न् चमच्यात मोजून लिहून ठेवलंय, मग आपली आजी प्रत्येक गोष्टीला "घाल की अंदाजानं" असंच का म्हणते, आपल्या मराठी लोकांत माप नसतंच का? प्रश्न लई चांगला आहे बघ, पण फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखा नाही म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

तो पिक्चर मी पण बघितलाय, इथं दुबईत रूमवरच्या पोरांबरोबर. त्यात ज्युलिया चाइल्ड, म्हणजे ते पाककृतींचं पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकन बाई, घरी बसून कांद्याचा ढीगच्या ढीग चिरतात ना, ते बघून मला थेट आपली गच्ची आठवली, उन्हाळ्यात आजी चटणीसाठी कांदा चिरत बसते ती. ज्युलियाबाईंना आधी स्वयंपाक फारसा येत नव्हता, नवऱ्याच्या नोकरीमुळं पॅरिसला गेल्या आणि १९४९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिथल्या स्वयंपाकाच्या शाळेत शिकायला लागल्या. मग दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर कित्येक वर्षं एकेक पदार्थ परत परत करून बघून १९६१ ला फ्रेंच स्वयंपाकाचं ते जाडजूड पुस्तक अमेरिकेतल्या लोकांसाठी काढलं. १९६३ पासून टीव्हीवर आल्या, आणि एकदा बटाट्याचा पदार्थ तव्यात उलटताना निम्मा बाहेर सांडला तर तसाच गोळा करून परत तव्यात दाबला, सगळ्यांसमोर! मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडतं. २००४ मध्ये त्या वारल्या. तो ज्युलीचा भाग तुला माहीतच आहे, न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारी साधी मुलगी, २००२ मध्ये ठरवते की वर्षभरात त्या पुस्तकातल्या सगळ्या ५२४ पाककृती घरच्या छोट्या किचनमध्ये करायच्या. २००९ ला पिक्चर आला आणि ४८ वर्षांपूर्वीचं ते पुस्तक पहिल्यांदाच न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत एक नंबरला गेलं. म्हणजे पिक्चर बघून लोक थिएटरातून उठले ते थेट पुस्तकाच्या दुकानात गेले, आणि ते जाऊ शकले कारण पुस्तक लिहिलेलं होतं, हे लक्षात ठेव, खाली परत त्याच्यावर येतो.

आता आपलं. माप आपल्यात नाही असं अजिबात नाही. मम्मीच्या कपाटात वरच्या फळीवर 'रुचिरा' आहे, हळदीचे डाग पडलेलं, ते काढून बघ. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० सालचं. त्यांनी वाटी आणि चमचा ही घरातली मापं धरून सगळं लिहिलं आणि नवीन लग्न झालेल्या किती पोरी त्याच्यावर स्वयंपाक शिकल्या, आपली मम्मी पण त्यातलीच.

पण आजीचा अंदाज वेगळा आहे, आणि त्याला माप नाही म्हणणं चूक आहे. चटणीचंच घे. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी मिरची तिखटाला, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे, पण किती किती? ते आजी आधी सांगतच नाही, कारण ह्या वर्षीची मिरची गेल्या वर्षीसारखी तिखट नसते. ती मार्केटात मिरची मोडते, बी हातावर घेते, वास घेते, जिभेला लावते आणि मग ठरवते. कांद्याचंही तसंच, एखाद्या वर्षी कांद्याला पाणी जास्त असतं, मग उन्हात एक दिवस जादा. गेल्या वर्षी चटणी कुटून घ्यायला कांडपाला गेलो होतो तेव्हा आठवतंय का, सगळी बाहेर ठसकत होती आणि आजी पदर नाकाला लावून आत उभी, कुटलेली चटणी तळहातावर घेऊन अंगठ्यानं पसरून बघितली आणि म्हणाली, "अजून एक हात फिरू दे." ते "एक हात" म्हणजे माप आहे बाळा, फक्त ते काट्यावर नाही तिच्या हातात आहे. ज्युलियाबाईंना पण हीच अडचण आली होती, अमेरिकेतला मैदा आणि फ्रान्सचा मैदा सारखा नाही, म्हणून तर त्यांना सगळं परत परत करून बघावं लागलं.

अंदाज जवळ उभं राहिल्याशिवाय मिळत नाही, हे मला इथं आल्यावर कळलं. पहिल्याच वर्षी मी फोनवर आजीला विचारून पांढऱ्या रश्श्याचं सगळं प्रमाण लिहून घेतलं, मटणाचं अळणी पाणी एवढं, नारळाचं दूध एवढं, खसखस इथं आणायला बंदी म्हणून काजू आणि तीळ जास्त. सगळं बरोबर मोजलं आणि नारळाचं दूध घातल्यावर गॅस मोठाच ठेवला. रस्सा फुटला, वर पाणी आणि खाली गाठी. आजीनं गॅस बारीक कर म्हणून सांगितलंच नव्हतं, कारण तिचा हात तिथं आपोआपच बटणाकडं जातो, सांगायचं असतं हे तिला सुचणार पण नाही. त्या रात्री मला लई एकटं वाटलं बघ, रश्श्यापेक्षा जास्त ह्याचं की वीस वर्षं मी त्याच स्वयंपाकघरात जेवलो आणि एकदाही गॅसकडं बघितलं नाही.

म्हणून तुला एक काम. आजी चालतीबोलती आहे, तिच्या हाताचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. किचनमधला छोटा वजनकाटा काढ, त्याच्यावर वाटी ठेव, आणि आजीनं मूठ भरली की कढईत जायच्या आधी वाटीत टाकायला लाव, ग्रॅम लिही, मग जाऊ दे कढईत. ती चिडेल, "काय खुळ्यागत करतीयास" म्हणेल, तरी लिही. ज्युलियाबाईंच्या पुस्तकात डाव्या बाजूला सामान आणि उजव्या बाजूला कृती अशी मांडणी आहे, तू पण वहीचं पान तसंच मधून दुमड, आणि उजवीकडं नुसतं "कांदा परता" लिहू नकोस, आजी काय बघून थांबली ते लिही, रंग, वास, तेल सुटलं का, चरचर कमी झाली का, आणि तिचा हात गॅसकडं कधी गेला.

सुरुवात ह्याच रविवारी पांढऱ्या रश्श्यापासून कर, मटण आणायला काकांना सांगितलंय. मला पण त्या दिवशी सुट्टी आहे, दुपारी फोन करतो, तेव्हा आजीच्या एका मुठीत काजू किती ग्रॅम बसले ते सांग.

पप्पा