मिनी टाको करतेयस? आधी वाट्या सांभाळ

अगं टाको, म्हणजे मेक्सिकोची सारण भरलेली मक्याची पोळी, पहिल्यांदाच करतेयस ना, मग सगळं लक्ष वाट्यांवर दे, म्हणजे सारण भरायच्या त्या छोट्या कुरकुरीत पुऱ्यांवर. नुसत्या मक्याच्या पिठाची पोळी चिरते, मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात म्हणून त्यांची नीट वळते, आपण निम्मी कणीक घालायचीच. पातळ लाटून वाटीने छोट्या पुऱ्या काप, काट्याने टोच, तेलाचा हात लावून मफिन ट्रेत दाबून बसव आणि १८० डिग्रीवर कडा लालसर होईपर्यंत भाज. गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत उघड्या ठेवल्यास तर मऊ पडणारच. सारण कोरडं हवं, कोलंबी बारीक चिरून लसूण, जिरं, तिखटावर पाणी आटेपर्यंत परत. शाकाहारींना राजमा ठेचून. वर कांदा-टोमॅटो आणि कैरी, मला तर लिंबापेक्षा कैरीच आवडते. पाहुणे आले की मगच भर, आधी अजिबात नको.