आरोग्याच्या प्रकल्पात लोकांना खऱ्या अर्थाने सहभागी कसं करून घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की संस्थेला रक्तदाब आणि मधुमेहाच्या जनजागृतीचा प्रकल्प मिळाला आहे, निधी देणाऱ्यांनी लोकसहभागाची अट घातली आहे, पण सभेला लोक फिरकत नाहीत. जे येतात ते माना डोलावून निघून जातात. मग लोकांना यात आणायचं कसं?

सार्वजनिक आरोग्याच्या कामात वस्तीपातळीवरच्या बैठका घेणं हेच बरीच वर्षं माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विषय ठरला, पत्रकं छापून झाली, सभांच्या तारखा लागल्या आणि मग तुम्ही लोकांना बोलावलंत. आता त्यांनी ठरवायचं असं काय उरलं? ऐकायचं आणि हजेरीपटावर सही करायची. कामधंदा बुडवून एवढ्यासाठी कोणी येत नसेल तर त्यात त्याचं काही चुकत नाही. सरकारी योजनांमधल्या लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. माहिती देणं ही त्यात तिसरी पायरी आणि मत विचारणं ही चौथी. या दोन्ही त्यांनी नावापुरत्या सहभागात धरल्या, कारण ऐकलेलं अमलात आणायचं की नाही हे शेवटी दुसराच कोणी ठरवतो. खरी सुरुवात सहाव्या पायरीपासून, म्हणजे भागीदारीपासून होते. माझं सांगणंही तेच आहे: आराखडा पक्का होण्याआधी लोकांना निर्णयात आणि पैशात वाटा द्या. तो दिला नाही तर सभेची वेळ बदलून किंवा पोस्टर देखणं करून फारसा फरक पडत नाही.

यावर कोणी ना कोणी विचारतंच, की लोकांच्या हाती दिलं तर आरोग्य खरंच सुधारतं का? मी त्यांना नेपाळमधल्या मकवानपूरचा प्रयोग सांगतो. तो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथे नवजात बाळांचे मृत्यू खूप होते. निम्म्या भागांत बायकांचे गट दर महिन्याला भरू लागले. गट चालवणारी बाई त्याच भागातली, लिहिता-वाचता येणारी होती, पण आरोग्य कर्मचारी नव्हती. व्याख्यान द्यायचं हे तिचं कामच नव्हतं. बायकांनी आधी आपल्या अडचणी मांडल्या, त्यातल्या कोणत्या आधी हाती घ्यायच्या ते ठरवलं, मग उपाय शोधले. कुठे अडल्यानडल्या वेळेसाठी सामायिक निधी उभा राहिला, कुठे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला स्ट्रेचरची सोय झाली, कुठे स्वच्छ बाळंतपणाचे संच तयार करून वाटले गेले, तर कुठे गटातल्या बायका गरोदर बाईच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यांची सुधारणा दोन्ही भागांत सारखीच केली होती. तरी जिथे गट होते तिथे नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी राहिले: दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २६, तर गट नसलेल्या भागात जवळपास ३७.

पुढे बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळमधल्या अशा सात प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. जिथे किमान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटांत येत होत्या तिथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. जिथे गट विरळ होते तिथे तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे चार पुढारी बोलावून ‘समुदाय आला’ असं अहवालात लिहिलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

आणि विषमतेचा प्रश्न इथेच येतो. सभेला कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे आधी पाहा. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. जनजागृतीचंही तसंच होतं. ज्यांना वाचता येतं, वेळ असतो, डॉक्टरशी बोलायची भीड नसते, ते पत्रकाचा फायदा उचलतात आणि उरलेले आणखी मागे पडतात. मोहीम यशस्वी झाली आणि दरी वाढली, असं खरोखर घडतं.

एका बैठकीत रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घ्या असं सांगणं चाललं होतं. दाराजवळ बसलेली, रात्रपाळीला सफाईचं काम करणारी एक बाई म्हणाली, “दवाखाना उघडतो तेव्हा मी कामावरून येऊन झोपलेली असते, आणि मी उठते तोवर तो बंद झालेला असतो. गोळ्या आणू कधी?” तिला रक्तदाबाची माहिती सगळी होती. त्यानंतरची चर्चा गोळ्या देण्याच्या वेळेवर झाली, आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी गोळ्या मिळू लागल्या. हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही आराखड्यात आला नसता. म्हणून म्हणतो, अशा माणसांकडे आपण जायचं, त्यांच्या सवडीने, ते जिथे आधीच जमतात तिथे.

लॉस एंजेलिसमध्ये हेच केश कर्तनालयांत झालं. कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात जाणं टाळत, पण आपल्या न्हाव्यावर त्यांचा विश्वास होता. तेव्हा औषधतज्ज्ञच दुकानात येऊन रक्तदाब पाहू लागले आणि डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे औषधं देऊ लागले. ५२ दुकानांतल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्यांनी फक्त सल्ला देऊन डॉक्टरकडे जायला सांगितलं तिथे साधारण नऊ अंकांनी.

पैशाबद्दल स्पष्टच बोलतो. तुमच्या कर्मचाऱ्यांना पगार, बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला मानधन, आणि वस्तीतल्या बाईने मात्र सेवाभावाने दुपार द्यायची, हे अन्यायाचं आहे. तिच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकातच धरा. निधीचा काही भाग कशावर खर्च करायचा हे लोकांच्या समितीला ठरवू द्या आणि हिशेब सर्वांसमोर वाचा. ब्राझीलने तर हे कायद्यातच आणलं. १९९० च्या कायद्यानुसार तिथे नगरपालिकेपासून देशपातळीपर्यंत आरोग्य परिषदा आहेत, त्यांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांच्या, आणि परिषद नसलेल्या नगरपालिकेला केंद्राच्या आरोग्य निधीवर हक्क सांगता येत नाही. जागा राखल्या म्हणून वजनदार माणसांचं वर्चस्व आपोआप संपत नाही, त्यावर कायम लक्ष ठेवावं लागतं. पण निदान खुर्चीवर हक्क तरी असतो.

लोक कदाचित रक्तदाबाबद्दल बोलणारही नाहीत. तुंबलेलं गटार, रस्त्यावर दिवे नसल्याने संध्याकाळी चालायला न जाता येणं, घरातलं दारूचं व्यसन, असं काहीतरी आधी पुढे येईल. ते विषयांतर समजू नका. त्यातलं एखादं काम तुमच्या मदतीने मार्गी लागलं की रक्तदाबावर बोलायला तेच लोक येतात, आणि चालायला जाण्याचा सल्लाही तेव्हाच कामाचा ठरतो.

आता लगेच करण्यासारखं एकच. उरलेल्या सभा थांबवा आणि निधी देणाऱ्यांशी बोला. पहिले काही महिने ऐकण्यासाठी आणि लोकांनी प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी मागून घ्या, आणि हजेरीच्या आकड्याऐवजी लोकांनी सुचवलेल्या किती गोष्टी अमलात आल्या आणि त्या कोणापर्यंत पोहोचल्या, हे अहवालात मोजायची परवानगी मागा. लोकसहभागाची अट त्यांनीच घातली आहे, तेव्हा ही मागणी करायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.