कुलाब्यातल्या बोवेन मेमोरियल चर्चमधले बोवेन कोण? परदेशी मिशनऱ्याची आठवण आज कशाला ठेवायची?

गेटवेकडे जाताना तुम्ही चर्चवरचं नाव वाचलंत आणि हे दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर कुठेही मिळेल. दुसऱ्यावरून आमच्या चर्चच्या मंडळीत मोठा वाद झाला होता, म्हणून लिहायला बसले.

जॉर्ज बोवेन अमेरिकेतल्या व्हरमाँटचे, जन्म १८१६ चा. तरुणपणी देवबिव न मानणारा, चार-पाच युरोपीय भाषा येणारा, संगीतात रमलेला माणूस. लग्न ठरलेली मुलगी आजारपणात गेली, तिचं बायबल यांच्या हाती आलं आणि तिथून आयुष्य फिरलं. न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकून १८४८ च्या जानेवारीत ते मुंबईत उतरले. १८८८ च्या ५ फेब्रुवारीला मुंबईतच वारले. मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. बोटीचा प्रवास परवडत नव्हता किंवा झेपत नव्हता असं नाही. त्यांना जायचंच नव्हतं.

आल्यावर वर्षभराच्या आतबाहेर त्यांनी मिशनचा पगार सोडला. बंगल्यात राहून, नोकर ठेवून इथल्या गरिबाला ख्रिस्त सांगायचा हे त्यांना पटेना. देशी लोकांच्या वस्तीत छोटी जागा घेतली, शिकवण्या करून पोट भरलं, मराठी शिकले आणि रस्त्यावर उभं राहून उपदेश करत राहिले. पुढे ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक तीस वर्षांहून जास्त काळ चालवलं. १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती धरली, त्याचं आपण आजही कौतुक करतो, आणि करायलाच हवं. पण दोघंही ज्या मिशनचे, त्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये हेच पाऊल सुमारे सत्तर वर्षं आधी एका गोऱ्या माणसाने उचललं होतं, हे किती जणांना माहीत आहे?

आता वादाचं सांगते. मंडळीचं नाव देत नाही. वर्धापनदिन जवळ आला होता आणि जुन्या सेवकांच्या नावाने काहीतरी करावं असं ठरत होतं. मी बोवेन यांचं नाव सुचवलं. उपासनेनंतर चहाच्या वेळी कमिटीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अगं, ते सगळं ठीक आहे. पण चाळीस वर्षांत बाप्तिस्मे किती दिले त्यांनी? ते सांग.”

बोवेन यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसं फार थोडी, हे खरंच आहे. ते स्वतःही कधी आकडे मिरवत नसत. पण तो प्रश्न मला झोंबला त्याला दुसरं कारण होतं. माझे आजोबा खेडेगावात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. चर्चच्या वार्षिक परिषदेला, कॉन्फरन्सला, अहवाल जायचा, त्यात बाप्तिस्म्यांचा रकाना असायचा. तो सलग काही वर्षं जवळजवळ रिकामा गेला आणि त्यांची बदली झाली. त्याच गावात त्यांनी कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांना अक्षरओळख करून दिली होती, विहिरीवरून दोन वाड्यांत पेटलेलं भांडण मिटवलं होतं. अहवालात त्याला रकानाच नव्हता. आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा.

तर मी काकांना म्हटलं, “काका, माणूस चाळीस वर्षं एकाच शहरात, त्याच लोकांत, त्यांच्यासारखा राहिला. यापेक्षा मोठा अहवाल कुठला हवा?” ते गप्प बसले, पण पटलं नाही. शेवटी ठरली ती संगमरवरी पाटी. कच्चा मसुदा माझ्या हातात आला तेव्हा वर एका ओळीत बोवेन यांचं नाव होतं आणि खाली पाच हजारांच्या वर देणगी देणाऱ्यांची यादी, प्रत्येकाच्या नावामागे श्री. आणि सौ. लावून. पगार नाकारलेल्या माणसाच्या नावाखाली रकमेनुसार नावं! मी तो कागद परत दिला आणि या पाटीला माझी वर्गणी नाही असं स्पष्ट सांगितलं. आजही माझं मत तेच आहे.

बोवेन पुढे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात गेले. ते कसे, हेही या वादाला धरूनच आहे. १८७१ मध्ये अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले. परदेशातून पैसा मागवायचा नाही, इथल्या लोकांच्या वर्गणीवर मंडळी उभी राहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बोवेन तर आधीपासून त्याच वाटेने चालत होते. पन्नाशी उलटल्यावर ते टेलर यांना मिळाले आणि शेवटपर्यंत मेथडिस्ट राहिले. त्यांच्या नावाने काही करायचंच असेल तर मंडळीतल्या एखाद्या मुलीची नर्सिंगची फी भरा, खेड्यात काम करणाऱ्या पाळकाला वेळेवर पगार द्या, आणि कोणी भरली ते कुठे लिहू नका. वर्षातून एकदा उपदेशात त्यांची गोष्ट मराठीत सांगा. संडे स्कूलच्या मुलांना आफ्रिकेत गेलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन माहीत असतो, आपल्याच शहरात चाळीस वर्षं राहिलेला माणूस माहीत नसतो, याची मला खरोखर लाज वाटते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हिंदू धर्माबद्दल त्यांची मतं त्या काळच्या मिशनऱ्यांसारखीच कडक होती, आज ती वाचताना मलाही खटकतात. आणि इंग्रजांच्या राज्यात गोऱ्या माणसाला जी मोकळीक होती ती गरिबीत राहूनही सुटत नाही, हे मान्य करायला हवं. तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि ‘कशाला ठेवायची’ हे त्या अंगाने विचारत असाल, तर तुमची शंका रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की त्यांच्याच बरोबरीच्या, बंगल्यात राहणाऱ्या मिशनऱ्यांना ते अडचणीचे वाटत होते, तेही लक्षात घ्या.

चर्च बाहेरूनच पाहिलं असेल तर एखाद्या रविवारी उपासनेच्या वेळी आत जाऊन बसा. उपासनेला यायला ख्रिस्ती असावं लागत नाही.